नाभीखाली तीन बोटं

दुपारी तीनला सुहृद दिवाणावर आडवा होतो. छातीवर ची कुंगचं पुस्तक, पान एकशे बारा: स्थिर उभं राहून श्वास खाली न्या, नाभीखाली तीन बोटांवर ऊब जाणवेल. पाच वाजता बागेत अकरा म्हाताऱ्या माणसांना त्याने ही चिनी साधना शिकवायची आहे. शिकवणारी निमाआत्या महिन्यापूर्वी वारली आणि ‘भाचा आहे ना’ असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. भाच्याला अजून ऊब जाणवलेली नाही.

डोळा लागतो न लागतो, तोच दिवाण रेशनच्या रांगेत लागलेला असतो. पुढे आत्या, हातात पिशवी. ती वारल्याचं दोघांनाही माहीत आहे. रांगेत तो विषय बरा दिसत नाही. सुहृद सरळ तक्रारीवर येतो. एक पुस्तक तीन बोटं म्हणतं, दुसरं चार, तिसरं म्हणतं मोजूच नका.

“कोणाची बोटं, ते लिहिलंय का?”

तो पान दाखवायला जातो, तर हातात रेशनकार्ड. त्यावर त्याचं नाव, आणि पुढे शिक्का: ऊब नाही. रांग आता दातांच्या दवाखान्यात पोचली आहे. खुर्च्या रिकाम्या, पेशंट गुडघे वाकवून उभे.

“आत्या, तुला काय जाणवायचं ते नीट सांग. पाचला मला बोलायचंय.”

“पोटऱ्या भरून यायच्या. नाक खाजायचं. गॅस बंद केला का, ते आठवायचं.”

“आणि ऊब?”

“कधीकधी. उन्हाळ्यात.”

सुहृद वैतागतो. मग बावीस वर्षं उभी कशाला राहिलीस, विचारतो. आत्या उलट विचारते, तू किती वेळ राहतोस? तो सांगतो, पुस्तक तीनदा वाचलंय.

“उभ्याने?”

 उभा राहतो तो, पण दर मिनिटाला पान उघडून ताडून बघतो.

“तुझे आतोबा गेले तेव्हा घरात बसवत नव्हतं मला. म्हणून उभी राहिले. त्याला चिनी नाव आहे हे नंतर कळलं. बागेतल्यांनाही बसवत नाही, म्हणून येतात ते. त्यांना ऊबबीब सांगू नकोस. आणि गुडघे वाकव.”

जाग येते तेव्हा सुहृद दिवाणावर नाही. खोलीच्या मधोमध गुडघे वाकवून उभा आहे, पोटऱ्या लटपटताहेत. पावणेपाच. तो चरफडत चपला शोधतो, पुस्तक घरीच टाकतो, आणि दार ओढताना मागे बघतो. फरशीवर त्याच्या घामट पावलांचे ठसे. त्यांच्यासमोर, त्यांच्याकडे तोंड करून, आणखी दोन, लहान. उजवी करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली, आत्याची चढायची तशी.