पाटलीण आणि उसनं पिल्लू

सन एकोणीसशे त्रेसष्ट. पौष महिना, तूर सोंगायला आलेली. धामणगाव बढ्याच्या एका अडत दुकानात मी मापारी होतो. माप करताना पारड्याखाली चार दाणे सांडतात, कोणी लक्ष देत नाही. संध्याकाळी झाडलं की टोपलंभर निघतात. दुकानातले किस्सेही तसेच साठले. त्यातले मांजरीचे तेवढे मी निवडून ठेवले आहेत.

*

मांजरीचं नाव पाटलीण. राखी रंग, एक कान फाटलेला. मोठ्या तराजूचं डावं पारडं ही तिची बसायची जागा.

एकदा मोताळ्याकडचा एक शेतकरी ज्वारी घेऊन आला. त्याला घाई होती. मांजर हाकला म्हणाला. मी सांगितलं, झोप झाली की ती आपली उतरेल. तो तावातावानं शेठजींकडे गेला. शेठजींनी त्याला चहा पाजला. चहा पिऊन आला तरी पाटलीण पारड्यातच. मग तो आपल्याच पोत्यावर बसला आणि मला म्हणाला, "पाटलीण अशी हाये, तं पाटील कसे असतीन बे!"

शेठजी तिला काही म्हणत नसत. तिच्यामुळे कोठ्यात उंदीर टिकत नव्हता.

*

पण म्हातारपण कोणाला सोडतं? तिचे दात पडले. उंदीर तिच्या नाकासमोरून जायला लागले. तुरीची पोती खालून कुरतडलेली निघाली. शेठजींनी विषाची पुडी आणून गल्ल्यामागे ठेवली. मी म्हणालो, विष पाटलीणही खाईल. ते म्हणाले, मग होळीपर्यंत दुसरी सोय करा. होळीनंतर मी कोणाचं ऐकणार नाही.

रोहिणखेडच्या चंद्रभागाबाई बाजाराला भाजी आणत. त्यांच्या मांजरीला पिल्लं झाली होती. आमच्याकडे मांजर विकत नाहीत. बाईंनी शपथेसाठी धान्याच्या पायलीवर माझा हात ठेवला आणि म्हणाल्या, "उसनं न्या, भाऊ. पण याच्या पयल्या पिल्लातलं एक मले वापस पाह्यजे."

मी हाव म्हणालो. शब्द दिला.

*

पिल्लू काळं होतं, उजवा पुढचा पाय तेवढा पांढरा. पोत्यात घालून आणलं आणि तसंच पाटलीणसमोर मोकळं सोडलं. ही आमची चूक. पाटलीण दुप्पट फुगली. एक पंजा मारला आणि पिल्लू रिकाम्या बारदान्यात जाऊन पडलं. पाटलीण वर आढ्यावर जाऊन बसली. दूध ठेवलं, खाली आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

पारडं रिकामं दिसायला लागलं. शेठजी दिवसभर तिकडे बघत. शेवटी मला म्हणाले, "नवीनच्या पायी माही म्हातारी घालवली तुम्ही."

मी दुधाची वाटी पुन्हा आढ्याखाली सरकवली. 

*

हमालांचा मुकादम गंगाराम. बोलायचा कमी. त्यानं सगळं पाहिलं आणि विचारलं, "नवा गोऱ्हा आणला का जुन्या बैलाजवळ एकदमच बांधता का तुम्ही?"

कोणी बांधत नाही. दोघांची दावण एकच असते, पण खुंटे लांब. वैरण आधी जुन्यापुढे टाकतात. मग नव्याचा खुंटा रोज थोडा सरकवत आणतात. एकमेकांच्या वासाची सवय झाली की जोडी लागते.

आम्ही तेच केलं. पिल्लू कोठ्याच्या आतल्या खोलीत बंद ठेवलं. ते दिसेनासं झालं तशी पाटलीण आढ्यावरून खाली उतरली. पाटलीण ज्या पोत्यावर झोपायची, ते पिल्लाला अंथरलं. पिल्लाचं पोतं पारड्यात ठेवलं. दाराच्या या बाजूला पाटलीणचं दूध, त्या बाजूला पिल्लाचं. आधी तिला, मग त्याला. सुरुवातीला वाट्या दूर, मग रोज थोड्या जवळ. गुरगुरणं हळूहळू कमी झालं. शेवटी दार उघडलं. पाटलीणनं पिल्लाला हुंगलं, एक चापट मारली आणि मग त्याचं डोकं चाटायला बसली.

गंगाराम म्हणाला, "लागली जोडी." आणि पोतं उचलून गेला.

*

पिल्लाचं नाव आम्ही सून ठेवलं. सासूच्या हाताखाली आली म्हणून. आणि सासूनं शिकवलं तरी कसं! दात नव्हते, पण दबा धरायची तिची कला गेली नव्हती. एक उंदीर पंजाखाली दाबून तिनं जिवंतच सुनेपुढे आणून सोडला. सून घाबरून वजनांच्या मागे लपली. पाटलीणनं तो पुन्हा पकडला, पुन्हा सोडला. रागावली नाही, कंटाळली नाही. मी पुष्कळ मास्तर पाहिले. असा नाही पाहिला.

होळीच्या आधी सुनेनं आपला पहिला उंदीर धरला आणि पारड्यात नेऊन ठेवला. पाटलीण डाव्या पारड्यातून उठली आणि उजव्या पारड्यात जाऊन बसली.

"पाटलीणबाईनं चार्ज देला," गंगाराम म्हणाला.

शेठजींनी विषाची पुडी स्वतः उकिरड्यात पुरली.

*

पावसाळ्यात एक म्हातारा गिऱ्हाईक सुनेकडे बराच वेळ बघत होता. जाताना म्हणाला, "मापारी, तुमची सून तं बोका हाये."

सगळं दुकान हसलं. मी हसलो नाही. बोक्याचं पिल्लू मी कुठून आणू?

तिकडे चंद्रभागाबाईंची मांजर कुत्र्यांनी मारली. उंदीर त्यांचं कांद्याचं बी खायला लागले. दर बाजाराला त्या विचारायच्या, "भाऊ, माहं उसनं?" मी बोकाच परत देतो म्हणालो. त्या म्हणाल्या, दिलेलं मी परत घेत नाही, पिल्लाचं पिल्लूच पाहिजे. शेठजी म्हणाले, दुसरं काही देऊन मिटवा. मी नाही म्हणालो. शब्द पिल्लाचा होता.

*

दिवाळीनंतर बारदान्यामागे आवाज आला. पाटलीण व्याली होती. या वयात! एकच पिल्लू. या वेळी गंगारामनं आधी नीट तपासून पाहिलं. मादी होती.

म्हातारीचं ते एकुलतं एक. ते उचलून द्यायला माझं मन होईना. पिल्लाचं मी बाईंना कळू दिलं नाही.

पौष आला. बाजाराचा दिवस होता. पिल्लू आता वाटीतलं खात होतं. चंद्रभागाबाई भाजी विकून आल्या, रिकामी टोपली तराजूपाशी ठेवली आणि बसल्या. त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. मी माप करत राहिलो.

पाटलीण बारदान्यामागून निघाली. पिल्लू मानेला धरलेलं. सगळ्यांच्या मधून चालत आली, पिल्लू टोपलीत ठेवलं, एकदा चाटलं आणि उजव्या पारड्यात जाऊन बसली.

बाईंनी पिल्लाचा उजवा पुढचा पाय उचलून पाहिला. पांढरा होता, बोक्यासारखाच.

त्यांनी टोपलीवर फडकं टाकलं, टोपली डोक्यावर घेतली.

"फिटलं, भाऊ," म्हणाल्या आणि रोहिणखेडच्या वाटेला लागल्या.