शुभेच्छुक : सख्खी बहीण

लातूर-नांदेड एसटीत तिकीट हातात देता देता कंडक्टर बाईने तुम्हाला विचारलं, "दवाखान्यात चाललाव का?" आणि तुम्ही काही बोलायच्या आत तीच पुढे म्हणाली, "माझी धाकटी बहीण नांदेडला सिस्टर हाय. सृष्टी म्हणून. काय लागलं तर नाव सांगा," तर समजा की ती माझी बहीण उज्वला. तुम्ही ठणठणीत असलात तरी ती हे सांगणारच. लोह्याला लग्नाला निघालेल्या एका नवरदेवाच्या मामालाही तिने सृष्टीचा पत्ता दिलेला आहे. अहमदपूर येईपर्यंत सृष्टीचं पुराण संपतं आणि मग माझं सुरू होतं.

"भाऊ पोलिसात लागून राहिलाय," असं ती चार वर्षं सांगत होती. मी चार वर्षं लागूनच राहिलो होतो, लागलो मात्र नव्हतो.

मी शिवम, तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. आमचं गाव रेणापूरपासून सहा-सात किलोमीटरवर. उज्वलाताईबद्दल गावात पुष्कळ बोललं जातं, आणि त्यातलं बरंचसं न कळता बोललं जातं, म्हणून मीच सांगतो. तिला उदगीरकडे दिली होती. आठ महिन्यांत परत आली. लोकांना वाटतं मारहाण असेल, दारू असेल. कारण विचारलं की ताई सरळ सांगते, "जेवताना माझ्या ताटाकडं बघत बसायचे. दुसरी भाकर घेतली की सगळ्यांचे डोळे माझ्या हातावर. म्हणलं, असल्या घरात जलम काढायचा न्हाई." आमच्या वडिलांनी, अण्णारावांनी, तिला निरोप पाठवला होता की येतीस तर ये, पण दिवस मावळल्यावर ये, लोक बघतात. ती भर दुपारी बारा वाजता, ट्रंक डोक्यावर घेऊन, गावाच्या मधल्या रस्त्याने आली. वाटेत दोन घरी थांबून पाणीसुद्धा प्याली. त्यानंतर दीड वर्षाने ती कंडक्टर झाली आणि तेच लोक तिच्या गाडीला हात करू लागले.

तिच्या खोडीही कमी नाहीत. चहा बशीतूनच पिणार, कपाला तोंड लावणार नाही. गाडीत कुणी खिडकीतून थुंकलं तर त्याला पुढच्या थांब्यावर उतरवून काच पुसायला लावणार. आणि तिला लॅमिनेशनचा नाद आहे. रेशन कार्ड, सृष्टीचं नर्सिंगचं सर्टिफिकेट, सगळं तिने प्लॅस्टिकमध्ये घातलंय. माझी पोलीस भरतीची चार हॉल तिकिटंही तिने लॅमिनेट करून भिंतीला लावली. मी वैतागून म्हणालो, नापासाचे कागद कोण भिंतीला लावतं? ती म्हणाली, "परीक्षेला बसला होतास ना? का गेटाभाईर उभा होतास?" 

पहिल्या वेळी मी लेखीत गेलो. दुसऱ्या वेळी गोळा हातातून असा निसटला की पंचांनी पाय मागे घेतले. तिसऱ्या वेळी सोळाशे मीटरला चौथ्या फेरीत पाय मुरगळला आणि मी लंगडत रेघ ओलांडली. चौथ्या वेळी मैदान चांगलं गेलं, लेखी चांगली गेली आणि माझं नाव यादीत आलं. प्रतीक्षा यादीत. म्हणजे वरचा कुणी गळाला तर आपली पाळी. कुणीही गळालं नाही.

आता खरी गोष्ट सांगतो, आणि ती सांगताना मला लाज वाटते तेवढी वाटू देतो.

आमच्या गावात माजी उपसरपंच गुरुपादप्पा आहेत. कुणाचं काही चांगलं झालं की त्यांच्या नावाने स्टँडवर बॅनर लागतो आणि त्यात सगळ्यात मोठा फोटो गुरुपादप्पांचा असतो. त्या वर्षी गावातली चार पोरं भरतीत लागली. गुरुपादप्पांच्या माणसांनी मोबाइलवर यादी उघडली, गावाचं नाव दिसेल ती नावं उतरवून घेतली आणि वरचे 'प्रतीक्षा यादी' हे शब्द कुणी वाचलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवरच्या लिंबाच्या झाडाखाली 'हार्दिक अभिनंदन' झळकलं आणि त्यात चाराचे पाच झाले होते. पाचवा मी. निळा कोट चढवून, गोरापान करून.

मी ते बघितलं आणि तिथल्या तिथे सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. पानटपरीवाला म्हणाला, "या साहेब." चार वर्षांत मला कुणी साहेब म्हटलं नव्हतं. ज्यांनी मला पहाटे पळताना बघून "आला बघा गावचा फौजदार" म्हणून दात काढले होते, त्यांनीच खांद्यावर हात टाकला. दुपारी शाळेसमोर सत्कार झाला, माझ्या डोक्याला फेटा बांधला. मी मान पुढे केली. उद्या सांगू, असं मनाशी म्हणालो. संध्याकाळी ड्युटीवरून ताईचा फोन आला, तिला कुणीतरी बॅनरचा फोटो पाठवला होता. "आरं, लागलास?" मी नुसतं "हां" म्हणालो. एवढंच बोललो, पण तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी तिने लातूरहून दोन किलो पेढे घेतले आणि नांदेडपर्यंत आख्ख्या गाडीत वाटले. ड्रायव्हरला दोन दिले.

तिसऱ्या दिवशी लागलेल्या पोरांना मेडिकलचा फोन आला, मला आला नाही. कुणीतरी यादी नीट वाचली. दुपारी गुरुपादप्पांच्या माणसाने शिडी लावली आणि ब्लेडने माझा चेहरा बॅनरमधून कापून काढला. नवीन बॅनर कशाला छापायचा, म्हणाले. कोट आणि टाय तसेच राहिले आणि मानेच्या वर चौकोनी भोक पडलं. त्या भोकातून मागची टपरी दिसायची.

त्या संध्याकाळी ताई स्टँडवरचं ते भोक बघून घरी आली तेव्हा मी चुलीपाशी बसलो होतो. तिने चपला काढल्या, आत आली आणि माझ्या तोंडात मारली. सत्तावीस वर्षांच्या घोड्याला. आई मध्ये पडायला उठली तर ताईने तिला हाताने थांबवलं.

"लागला न्हाईस म्हणून न्हाई मारलं," ती म्हणाली. "माझ्याशी खोटं बोललास म्हणून मारलं. मला फोनवर न्हाई म्हणला असतास तर मी काय तुला खाल्लं असतं का?"

मी रडलो. तीही रडली, पण रागाने, आणि रडता रडता मला म्हणाली की नाक पूस. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली आणि लातूर सुटल्याबरोबर गाडीत उभी राहून तिने सांगितलं, "परवा ज्यांनी पेढे खाल्ले त्यांनी ऐका. माझा भाऊ लागला न्हाई. पेढ्याची काळजी करू नका, ते पुढच्या बारीला धरू." हे मला रोज चाकूरला ये-जा करणाऱ्या एका मास्तरांनी सांगितलं. ते म्हणाले, मागच्या सीटवरच्या बायका म्हणाल्या की मग पुढच्या बारीला जिलेबी आण.

मला मात्र तिच्यासारखं जमलं नाही. आठ दिवस मी स्टँडकडे फिरकलो नाही. पळायला जाणं बंद केलं. शेतात जायचं तरी ओढ्याच्या बाजूने जायचो. चाकणला माझा एक मित्र कंपनीत होता, त्याने बोलावलं. मी बॅग भरली. रविवारच्या दहाच्या गाडीने लातूर, तिथून पुणे, आणि पुन्हा या गावाला तोंड दाखवायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं. घरात सांगितलं. ताई म्हणाली, "कंपनीत जायला माझी ना न्हाई. चोरावानी जाऊ नको एवढंच."

"मग कसा जाऊ?" मी ओरडलो. "त्या भोकाखालून?"

 शनिवारी ताईला सुट्टी होती, ती रेणापूरला जिलानीभाईंच्या दुकानात गेली. तालुक्यातले सगळे बॅनर जिलानीभाईच छापतात, तो भोकवालाही त्यांनीच छापलेला. तिथे काय झालं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. ताईने मजकूर लिहून आणलेला कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"ताई, असलं बॅनर कोणी लावत नाही," ते म्हणाले. "माझ्याकडं वाढदिवस हाय, निवड हाय, श्रद्धांजली हाय. हे कशात बसवू?"

"कशातच बसवू नको. लिहिलंय तसं छाप."

"फोटो तरी जरा गोरा करतो. कोट घालतो."

"हाय तसाच राहू दे. गावानं बघितलेला हाय तो."

जिलानीभाई म्हणाले, पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी एखाद्याचा चेहरा हात न लावता छापला.

रविवारी सकाळी मी बॅग घेऊन निघालो. दहाच्या गाडीला पाच मिनिटं राहिली की स्टँडवर पोचायचं, कुणाकडे न बघता चढायचं, असा माझा हिशेब. पण लांबूनच दिसलं की लिंबाखाली गर्दी आहे. ताई शिडीवर उभी होती आणि खांबाला तार आवळत होती. खालून गुरुपादप्पा तिच्याशी बोलत होते.

"उज्वला, ग्रामपंचायतीची परवानगी घेतलीस का?"

"तुमच्या बॅनरला कुणाची परवानगी होती, काका?"

"ते अभिनंदनाचं हाय. गावाची शोभा हाय त्यात. हे काय हाय? गावाचं हासू करायचं काम हाय."

"हासू तर तुम्ही केलंय. माझ्या भावाची मुंडी कापून आठ दिवस टांगून ठेवलीय तुम्ही," ती वरूनच म्हणाली. "आमचा बॅनर काढायचा असंल तर आधी तुमचा काढा. मग बोलू."

गुरुपादप्पांनी आजूबाजूला बघितलं. कुणी त्यांच्या बाजूने पुढे आलं नाही. बॅनर काढायचा तर त्यावरचा स्वतःचा मोठा फोटोही उतरवावा लागला असता, तेही त्यांना नको होतं. ते धोतराचा सोगा सावरून टपरीकडे गेले.

मी वर बघितलं. त्यांच्या बॅनरपेक्षा हातभर मोठा बॅनर होता आणि त्यावर माझ्या एकट्याचा फोटो. मैदानावरचा, घामेजलेला, काळा, लंगडत रेघ ओलांडतानाचा. मला वाटलं जमिनीत गडप व्हावं. ताई खाली उतरली. मी दातओठ खात तिला म्हणालो, "काय केलंस हे?"

"जा की पुण्याला," ती म्हणाली. "गाडी यायची हाय अजून. तवर वाच."

सगळे माझ्याकडे बघत होते. शेडमध्ये नागम्मा आजी बसली होती, दवाखान्यात जायला गाडीची वाट बघत. तिला वाचता येत नाही आणि ऐकूही कमी येतं. तिने काठीने माझ्या बॅगेला ढोसलं.

"काय लिवलंय रं त्यावर?"

"काही न्हाई, आजी."

"एवढं मोठं कापड बांधलंय अन् काही न्हाई? वाच की. मोठ्यानं वाच."

मी ताईकडे बघितलं. ती शिडी उचलत होती, तिने माझ्याकडे बघितलंच नाही. मी घसा साफ केला.

"शिवम अण्णाराव भिंगोले," मी वाचलं. "पोलीस भरतीला चार वेळा उतरला. चारही वेळा लागला नाही."

"मोठ्यानं," आजी म्हणाली.

मी आवाज चढवला. "या वेळी नाव प्रतीक्षा यादीत होते. अभिनंदनाच्या बॅनरवर फोटो चुकून लागला. दोन दिवस तो गप्प बसला, ही त्याची चूक."

टपरीवरची माणसं ऐकायला पुढे सरकली. माझे कान तापले होते, पण आता थांबणं वाचण्यापेक्षा अवघड होतं.

"त्याबद्दल बहिणीने त्याला मारले आहे. इतरांनी तसदी घेऊ नये."

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. ते हसणं मला लागलं नाही, याचं मलाच नवल वाटलं. आजी हसली नाही. तिने डोळे बारीक करून फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"त्यो तू हाईस का?"

"हाव, आजी. मीच."

"मग फुडं वाच."

तेवढ्यात दहाची गाडी आली. ब्रेक लागले, धूळ उडाली, दार उघडलं. ड्रायव्हर खिडकीतून मान काढून बॅनर वाचायला लागला. एकच ओळ राहिली होती आणि तिच्याखाली दोन नावं. मी वाचायला तोंड उघडलं आणि माझा आवाज फाटला.

"आम्हाला त्याचा अभिमान आहे," मी म्हणालो. "शुभेच्छुक, सख्खी बहीण उज्वला. सख्खी बहीण सृष्टी."

आजीने कानामागे हात धरला. "ह्ये आयकू आलं न्हाई. परत वाच."

मी बॅग खाली ठेवली आणि ती ओळ पुन्हा वाचली, गाडीतल्या शेवटच्या सीटपर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने.