शुद्ध करून लिहिलेली चिठ्ठी

लढाई सुरू झाली तेव्हा मला आनंद झाला होता. आज हे लिहिताना लाज वाटते, पण खोटं कशाला सांगू? महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि माझ्या लग्नाला तर जेमतेम सहा महिने. रोहिणखेडची मी, लग्न होऊन बुलढाण्याला आले. नवरा कचेरीत कारकून. सकाळी डबा, दुपारी निवडणं-टिपणं, संध्याकाळी पुन्हा चूल. एवढ्यात रेडिओवर लढाईच्या बातम्या सुरू झाल्या आणि आमच्या गल्लीचं रूपच पालटलं! ज्या घरी रेडिओ, त्या घराच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नसे. आम्ही बायकासुद्धा पुरुषांना कोपराने ढकलून पुढे घुसायचो. एखादी चौकी जिंकल्याची बातमी आली की मी अशी ओरडायची, की नवरा म्हणायचा, ‘अगं, हळू. चौकी तू घेतलीस का?’

मग जवानांसाठी स्वेटर विणायचं ठरलं. ठरवलं मीच. गल्लीत मॅट्रिक झालेली बाई मी एकटी, आणि गप्प बसणं मला कधी जमलेलंच नाही. मारुतीच्या पारावर उभी राहून मी भाषण ठोकलं. सीमेवर बर्फ पडतो, आपले भाऊ कुडकुडतात, असं काय काय बोलले. टाळ्या पडल्या आणि माझ्या अंगात जे वारं शिरलं, ते महिनाभर गेलं नाही.

आम्ही कापसाच्या मुलखातल्या बायका, लोकर कोणी हातात धरली होती? सुया पुरेनात म्हणून सायकलच्या दुकानातून चाकाच्या जुन्या तारा आणल्या आणि फरशीवर घासघासून त्यांची टोकं गुळगुळीत केली. पहिल्या स्वेटरची एक बाही गुडघ्यापर्यंत आली. हसून हसून आमची मुरकुंडी वळली. उसवला, पुन्हा विणला. नवं कापड अंगावर चढवण्याआधी त्याला हळदीकुंकवाचं बोट लावायची आमच्याकडे रीत, मग जवानाच्या स्वेटरला का नको? प्रत्येकाच्या आतल्या शिवणीला बोट लागलं. काय दिवस होते ते! भाजी करपायची, दूध उतू जायचं, कोणाला पर्वा नव्हती.

प्रत्येक स्वेटरच्या घडीत एक चिठ्ठी ठेवायची, खाली विणणारीचं नाव आणि पत्ता. चिठ्ठ्या लिहिणार अर्थात मी. गल्लीतल्या बायकांची पत्रं एरवीही मीच लिहायची. त्या आपल्या वऱ्हाडीत सांगायच्या, मी ते शुद्ध करून लिहायची. ‘मले लय याद येते’ असं कोणी म्हटलं की मी लिहायची, ‘आपले स्मरण क्षणोक्षणी होते.’ वाचून दाखवलं की त्या खूश! आपलं बोलणं एवढं देखणं दिसतं, याचं त्यांना कोण कौतुक. पुढे पुढे मी वाचून दाखवणंही सोडलं. माझ्यावर त्यांचा तेवढा विश्वास होता.

शेजारच्या खोलीत एक मावशी राहायची. मूळची बीबी गावाकडची, साठीच्या पुढची, एकटी. तिचा नवरा तरुणपणी इंग्रजांच्या फौजेत होता, दूरदेशीची लढाई लढून जिवंत परत आला होता. पण आल्यावर त्यानं मरेपर्यंत कधी विळा हातात धरला नाही. पिकाची सोंगणी आली की तो बांधावर पाठ फिरवून बसायचा आणि सगळं रान मावशी एकटी कापायची. लोक त्याला आळशी म्हणायचे. हे मला नंतर समजलं.

मावशीनं सुंदर स्वेटर विणला होता, एक टाका चुकलेला नाही. चिठ्ठीसाठी माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, ‘लिव पोरी. बापू, जीव सांभाळून ऱ्हाय. तुह्यासमोर येईन त्यालेही माय असन. हातून होईन तितकं कोनाले मारू नोको. अन् थंडीत कानाले बांधत जाय.’

मला संतापच आला. सगळी गल्ली पेटलेली आणि ही म्हातारी शिपायाला सांगते, मारू नको! मी म्हटलं, ‘मावशी, असं लिहितात का? लढायला गेलाय तो.’

‘म्हनूनच सांगून राह्यली ना,’ ती म्हणाली. ‘घरी बसला असता तं काऊन सांगतलं असतं?’

मी मान हलवली आणि माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: ‘वीर पुत्रा, समोर आलेला एकही शत्रू जिवंत सोडू नकोस. तुझ्या आईची आज्ञा आहे.’ मावशीनं अंगठा उठवला. कागदावरून मायेनं हात फिरवला आणि स्वतःच्या हातानं घडीत ठेवला.

गठ्ठे निघाले त्या दिवशी आम्ही मोटारीला ओवाळलं, नारळ फोडला. घसा बसेपर्यंत जयजयकार केला. थोड्याच दिवसांत लढाई थांबली. मला तर चुकल्याचुकल्यासारखं झालं.

दोनेक महिन्यांनी पोस्टमन गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत आला, ‘मावशीले फौजेतून पत्र!’ बाकी कुणालाच उत्तर आलं नव्हतं. एवढा आनंद! तव्यावरच्या पोळ्या तशाच सोडून बायका धावल्या, पुरुष जमले, मावशीला पारावर बसवलं. तिचे डोळे नुसते लकलकत होते. ‘वाच बाप्पा लवकर!’ म्हणाली. मी पत्र आधी डोळ्यांखालून घालायला हवं होतं, पण एवढी गर्दी समोर असताना मला धीर कुठला? मी खड्या आवाजात सुरू केलं.

‘आई, शिरसाष्टांग नमस्कार. मी साताऱ्याकडचा. इस्पितळात आहे. उजवा हात गेला, म्हणून शेजारच्या खाटेवरच्या गड्याकडून लिहून घेतोय. तुमचा स्वेटर मापात बसला. चिठ्ठी खिशात ठेवली होती. तुम्ही लिहिलं होतं, एकही शत्रू जिवंत सोडू नकोस…’

टाळ्यांचा कडकडाट! कोणीतरी ‘वा रे मावशी!’ म्हणून ओरडलं. मावशी मात्र माझ्याकडे बघत होती. मला थांबता येईना. सगळे ‘पुढं, पुढं’ म्हणत होते.

‘चौकी घेतल्यावर खंदकात एक पोरगा पडलेला दिसला. माझ्या धाकट्या भावाएवढा. जवळ हत्यार नव्हतं. पाणी मागत होता. मी बाटली काढली होती, आई. मग तुमची चिठ्ठी आठवली. तुम्ही सांगितलं तसंच केलं. पण आता झोप लागत नाही. बरोबर केलं ना मी?’

‘शाब्बास!’ असा एक आवाज मागून आला आणि एकटाच विरून गेला. मावशी पारावरून उतरली, माझा हात धरून मला तिच्या खोलीत घेऊन गेली आणि दार लोटलं.

‘पोरी, हे म्या कवा सांगतलं?’

मी सगळं सांगितलं. रडू येत होतं, पण रडायचा मला काय हक्क? ती माझ्यावर ओरडली नाही. नवऱ्याची आणि विळ्याची हकीकत तिनं मला त्या दुपारी सांगितली. लढाईत जे मरतात त्यांची नावं तरी पाटीवर लागतात, पण जे आपल्या हातानं माणसं मारून परत येतात, त्यांच्यासोबत एक बाई जन्मभर कसं निभावते, हे मी पहिल्यांदा ऐकलं. तेव्हापासून मी कुठल्याही लढाईच्या विरुद्ध आहे. लोक मला भित्री म्हणतात. खुशाल म्हणोत. त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडलेली बाई आहे मी.

‘आन कागद,’ मावशी म्हणाली. ‘बरोबर केलं असं लिवू नोको. चुकलं असंही लिवू नोको, खचून जाईन लेकरू. लिव, बापू, ते माह्ये बोल नव्हते. माह्ये बोल हे होते.’ आणि तिनं ते पहिले शब्द पुन्हा सांगितले, कानाला बांधायचं सुद्धा. ‘जखम भरली की इकडं ये. बुलढान्याले रेल नाही, मलकापूरले उतर अन् मोटार धर. भाकर खाऊन जाय. लिवलं?’

लिहिलं होतं, तिच्याच बोलीत. वाचून दाखवलं. तिनं अंगठा उठवला आणि कागद पुन्हा माझ्यापुढे सरकवला.

‘आता खाली तुहं नाव टाक. पहिली चिठ्ठी कोनाची होती, ते त्याले समजू दे.’

नाव लिहायला मला फार वेळ लागला. मग नावाखाली मी एवढंच लिहिलं: दादा, ती आज्ञा माझी होती, आईची नव्हती. तुम्ही पाण्याची बाटली काढली होती, तेच बरोबर होतं.