भिंतीवरची दोन घड्याळं

आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर दोन घड्याळं आहेत. एक जागतिक वेळेचं, दुसरं आपल्या वेळेचं. आज दुसरं बंद दिसलं. कधी बंद पडलं ते कुणालाच सांगता येईना.

अंतराळ अभियांत्रिकीच्या एम.टेक.ला आल्यापासून आम्ही पहिल्याच घड्याळावर जगतो. ते आपल्याहून साडेपाच तास मागे असतं. उपग्रह डोक्यावर कधी येणार, संदेश कधी मिळाला, सगळ्या नोंदी त्याच वेळेत. हळूहळू ती वेळ अंगात मुरते.

गेल्या रविवारी आईला म्हटलं होतं, "अकराला फोन करते." प्रयोगशाळेतल्या अकराला केला. घरी दुपारचे साडेचार झाले होते. पहिल्याच रिंगला तिनं उचलला.

"जेवलीस ना?" मी विचारलं.

"कसली जेवतेय! हात खरकटे असताना नेमका तुझा फोन आला असता म्हणजे? अकरापासून इथंच बसलेय."

चूक कबूल करायला जीभ रेटेना. "उपग्रहाला उशीर झाला गं," असं ठोकून दिलं. खरं तर उपग्रहाला कधीच उशीर होत नाही.

"असू दे," ती म्हणाली. "किती लांबून यायचं असतं बिचाऱ्याला."

आज स्टुलावर चढून त्या घड्याळात नवा सेल घातला आणि आईच्या स्वयंपाकघरातली वेळ लावली. सेकंदकाटा थरथरला, चालू लागला. खाली पाचजण कानांना हेडफोन लावून आकाशातून येणाऱ्या आवाजाची वाट बघत होते. कुणी मान वर केली नाही.