मामाच्या गुऱ्हाळातला काळा गूळ

लिहीन लिहीन म्हणत ही पोस्ट दोन उन्हाळे तशीच राहिली. आळस आहेच... आणि मी एका जागी बसतो कुठे? पण आज महाळुंगे पडवळला मामाच्या बंद गुऱ्हाळात त्याच्याशेजारी बसलोय, मोबाईलला रेंज आहे, म्हणून लिहून टाकतो.

परवा मढला एका मित्राकडे गेलो होतो. येताना गाडी पंक्चर, त्यात पंक्चरवाल्याकडे टीव्हीवर मॅच चालू... ते सोडा. त्याने गुळाचा चहा पाजला. गूळ हळदीसारखा पिवळाधमक, पण घशात नुसता उग्र वास राहिला. आणि मला मामाचा गूळ पुन्हा आठवला.

मामाचा गूळ काळपट. काहिलीत उसाचा रस उकळायला लागला की तो रानभेंडीचं चिकट पाणी टाकायचा, मळी वर यायची, ती काढायची... बस्स. वास पार रस्त्यापर्यंत. त्या वासावर कोणीही आत वळलं, की आधी ग्लासभर रस, मग पळसाच्या पानावर गरम गूळ. ओळखीचा असो नसो. गुऱ्हाळाची रीतच ती.

पुढे मंचरच्या बाजारात काळ्या गुळाला कोणी विचारेना. एका हंगामात मामाचा गूळ घेणारे तिथले शेठ स्वतःच पांढऱ्या पावडरीचा पुडा घेऊन आले. कापडाचा रंग उडवायची पावडर ती. खाण्यात अशी टाकायला बंदी, पण मूठभर टाकली की गूळ एकदम पिवळा.

"भाऊ, गिऱ्हाईक आधी रंग बघतंय. काळा आणला तर माल परत न्यावा लागंल. समदीच टाकत्यात."

मामानं काहिलीवरची मळी काढली. गुऱ्हाळ टिकवायचं होतंच त्याला, खोटं कशाला सांगू. मग पानं धरून उभ्या असलेल्या पोरांकडे बोट करून म्हणाला, "आन् ह्यांना काय देऊ?"

"पोरांपुरता आधी काढून ठेवा की राव!" शेठ हसले.

"मंग उरल्याला कुणाची पोरं खानार हायेत?"

शेठ पुडा घेऊन गेले. मामानं अजून थोडं रेटलं... ढेपा तशाच पडून राहायच्या. मग चुलाण विझलं ते विझलंच. आता ऊस कारखान्याला जातो.

मी लई फिरलो, कुठलं कुठलं खाल्लं. पण अनोळखी वाटेवर नुसत्या वासानं आत वळावं आणि कोणी नावगाव न विचारता हातावर पान ठेवावं... ते परत कुठे झालं नाही. आता ती चवही नीट आठवत नाही. त्याचंच जास्त वाईट वाटतं.

थांबा, बाहेर गाडी थांबली...

विश्वास बसणार नाही. तेच शेठ आलेत! पार म्हातारे झालेत. दारातूनच विचारतायत, "भाऊ, तुमचा तो काळा गूळ व्हता ना... घरी खायला पायजे व्हता. थोडासाच."

मामानं "बसा" म्हटलंय. काहील तर गंजून गेलीय. द्यायला रस नाही, म्हणून तो पाणी आणायला उठलाय.