पप्पांचा फोन लागत नाही

"इंग्लिश मीडियमला घातलं हिला, अन् एक फोन सुरू करता येईना," आत्या दुकानदाराला हळू आवाजात म्हणाली.

मी तिच्या मागेच उभी होते. हळू बोललेलं मला ऐकू येत नाही, असं आमच्याकडे सगळ्यांना वाटतं. कारण मी उत्तर देत नाही.

औरंगपुऱ्यातलं हे सकाळपासूनचं तिसरं दुकान. पप्पा स्टुलावर बसले होते, मांडीवर कापडी पिशवी. दर पाच मिनिटांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. त्यांना दुपारची कन्नडची एसटी गाठायची होती, आणि तीही चालू फोन घेऊन.

दुकानदाराने फोन उलटासुलटा करून बघितला. "मौशी, सेट एक नंबर आहे. बाहर का पीस है. इसमें कुछ प्रॉब्लेमच नाय." म्हणजे त्यालाही कळलं नव्हतं. मग त्याने सिम काढलं, शर्टाला पुसलं, परत घातलं. पहिल्या दोन दुकानांत हेच झालं होतं. ते सिम इतकं स्वच्छ कधीच नव्हतं.

फोन दिवाळीत आला. आत्याचा मुलगा अमेरिकेत असतो. तो सुट्टीला आला तेव्हा आपला वापरलेला फोन मामासाठी, म्हणजे पप्पांसाठी, ठेवून गेला. आत्याने फोन देवापुढे ठेवला, त्याला हळदकुंकू वाहिलं, समोर पेढा ठेवला. कॅमेऱ्याच्या काचेवर बसलेलं कुंकू मी नंतर चष्म्याच्या कापडाने पुसलं. मी पाचवीपासून आत्याकडे राहते. शाळा, कॉलेज, आता नोकरी, सगळं तिच्या घरातून. त्या घरात तिच्या लेकाच्या भेटीला नावं ठेवणं मला जमण्यासारखं नव्हतं.

आधी आम्ही आत्याचं सिम घालून बघितलं. फोन लागला, टाळ्या वाजल्या. मग दिवाळीला आलेल्या पप्पांचं सिम घातलं. रेंजच्या चारही कांड्या भरल्या, व्हॉट्सअॅप धडाधड सुरू झालं. पण नंबर फिरवला की फोन क्षणभर थांबायचा आणि कट व्हायचा. मी बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावली आणि माझ्या मोबाइलवर त्या फोनचा मॉडेल नंबर शोधला. दहा मिनिटांत सगळं कळलं. पप्पांच्या सिमच्या कंपनीकडे जुन्या पद्धतीचं नेटवर्कच नाही. तिचे कॉलसुद्धा फोर-जीवरूनच जातात, आणि त्यासाठी फोनमध्ये त्या कंपनीची सोय आधीपासून भरलेली असावी लागते. हा फोन अमेरिकेतल्या एका कंपनीसाठी बनवलेला. त्यात इथली सोय नव्हती आणि बाहेरून घालताही येत नव्हती. आत्याच्या सिमच्या कंपनीचं जुनं नेटवर्क अजून चालू आहे, म्हणून तिचं सिम चाललं, एवढंच.

बाहेर येऊन मी म्हणाले, "या फोनचं जरा अवघड दिसतंय."

"काही अवघड नाय," आत्या म्हणाली. "इथं शहरात टॉवरवर गर्दी लई. गावाकडं मोकळं असतंय. तिथं बरोबर लागंल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. याचा मला अजून राग येतो.

घरात नवी वस्तू आली की जुनी गरजवंताला द्यायची, ही पप्पांची रीत. गावी पोचल्यावर त्यांनी आपला बटणांचा फोर-जी फोन शेजारच्या मेंढपाळाला देऊन टाकला. तो दुसऱ्या दिवशी मेंढरं घेऊन बाहेर पडला, तो आता पावसाळ्याच्या तोंडालाच परतणार.

नऊ दिवस कुणाला काही कळलं नाही, कारण पप्पांकडून रोज सकाळी गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ येत होतं. आत्या मला ते दाखवायची. "बघ. म्हणं अवघड दिसतंय!"

इकडे पप्पांचा ऊस तोडीला आला होता. साखर कारखान्याचा चिटबॉय असतो. नावात बॉय आहे, पण आमच्याकडचा पन्नाशीचा आहे. कुणाच्या फडात तोडणीची टोळी कधी जाणार, हे तो फोन करून कळवतो. त्याच्या यादीत जो नंबर असेल तोच. व्हॉट्सअॅप तो बघत नाही. दोनदा फोन लावतो, नाही लागला तर टोळी पुढच्या शेतात. त्याने पप्पांना दोनदा फोन लावला. टोळी पुढच्या शेतात गेली. पप्पांना हे कळलं ते बांधापलीकडे कोयते चालू झाल्यावर. उसाला तुरे आलेले होते. तुरा आला की ऊस उभ्या उभ्या वाळायला लागतो.

पप्पांनी काल चिटबॉयला जाऊन गाठलं. तो म्हणाला, "परवा टोळी मोकळी होतीय. त्या सकाळी फोन लावतो. ह्या वेळी नाय लागला तर मला बोल लावू नका." म्हणून आज पप्पा पहिल्या एसटीने शहरात आले.

"कंपनी बदलून टाका, चाचा," दुकानदार म्हणाला. "सिम पोर्ट करो."

"दुसऱ्याची रेंज नाय वस्तीवर," पप्पा म्हणाले. "लिंबाखाली उभं राहिलं तर एक कांडी येती, ती बी वारा असला तर."

"मग रीसेट मारू?"

"मारा," आत्या म्हणाली. "माझ्या लेकाचा फोन चांगलाय. हिनंच काहीतरी दाबलं असंल."

दुकानदार हसला. पप्पा हसले नाहीत. ते मला म्हणाले, "तू तर वाचलं असशील ना गं त्याच्यावर?" त्यांच्या आवाजात चिडका सूर नव्हता, त्यामुळेच ते जास्त लागलं. मग आत्याकडे बघून त्यांनीच विषय मिटवला. "जाऊ दे अक्का. गुलाबाचं फूल तर येतंय रोज."

दुकानदाराने रीसेट मारला. फोन पुन्हा सुरू झाला. परदेशी भाषांची लांबलचक यादी आली, मग चार कांड्या. आत्याने पप्पांचा नंबर लावला. तिच्या फोनमधली बाई शांतपणे म्हणाली, आपण ज्या व्यक्तीला संपर्क करू इच्छिता ती आता उपलब्ध नाही. ती व्यक्ती दोन फुटांवर स्टुलावर बसून घड्याळ बघत होती. एसटीला पाऊण तास उरला होता.

"अजून एकदा सिम पुसून बघा," आत्या म्हणाली.

दुकानदाराने सिम काढून पुन्हा शर्टाचं टोक हातात घेतलं. मी काउंटरवर हात पुढे केला आणि ते सिम त्याच्याकडून घेतलं. माझा आवाज नको तेवढा मोठा निघाला. शेजारच्या दुकानातल्या बायका वळून बघायला लागल्या.

"आत्या, हा फोन पप्पांच्या सिमवर कधीच लागणार नाही. मी काही दाबलेलं नाही. मला दिवाळीतच कळलं होतं, आणि मी बोलले नाही. दादा, बटणांचा फोर-जी फोन काढा. हे सिम घालून इथंच कॉल लावायचा. वाजला तरच घेणार."