मर्सिडीज नको म्हणणाऱ्या काकू

पडदे शिवणाऱ्या काकूंनी एकदा नाही म्हटलं की ती काळ्या दगडावरची रेघ, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पण दारात चालून आलेल्या मर्सिडीजला त्या नाही म्हणतील, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. अहो, मर्सिडीज! लोक जिच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेतात, ती. काकूंच्या नणंदेनं तर कपाळावर हातच मारून घेतला.

त्याचं असं झालं. काकूंचे यजमान म्हणजे ड्रायव्हरकाका. उभं आयुष्य त्यांनी एकाच मालकाची गाडी चालवली. गाड्या बदलत गेल्या, पण पुढचा तीन टोकांचा तारा तोच राहिला. कडक इस्त्रीचा शर्ट, तुळतुळीत दाढी आणि तोंडाला कुलूप. काकांचा नियमच होता, गाडीत बोललेलं आपण ऐकायचं नाही. मागच्या सीटवर मालकांनी सौदे केले, सख्ख्या भावाशी वैर धरलं, एकदा तर लहान मुलासारखे हमसून हमसून रडले. काकांनी ना मान वळवली, ना आरशात पाहिलं. म्हणून तर मालकांचा त्यांच्यावर एवढा जीव.

इकडे काकूंचा जन्म शिलाई मशीनवर गेला. नवरा सकाळी निघायचा तेव्हा यांची पहिली शिवण पडत असायची, आणि परत यायचा तेव्हा या जांभया देत असायच्या. बोलायला वेळ होता कुणाला? निवृत्तीनंतर स्वतःची गाडी घ्यायची, असं दोघांनी केव्हाच ठरवलं होतं आणि दोघांनी मिळून त्यासाठी साठवलंही होतं. काकूंना फिरायला जायची हौस नव्हती, असं नाही. पण खरी हौस वेगळीच होती. नवऱ्याच्या शेजारी बसायचं आणि पोटभर गप्पा मारायच्या. इतक्या वर्षांत ड्रायव्हरच्या बायकोला ड्रायव्हरशेजारी एकदाही बसायला मिळालं नव्हतं. काय म्हणावं याला!

गाडीही त्यांनी हेरून ठेवली होती. फोक्सवॅगनच्या शोरूमचे पडदे शिवायचं काम त्यांच्याकडे आलं, तेव्हा मापं घेता घेता त्या तिथल्या निळ्या गाडीत जाऊन बसल्या होत्या. टेप हातात होतीच. दोन सीटमधलं अंतरही मोजून घेतलं. शेजारच्याच्या गुडघ्यावर चापट मारता येईल इतकंच निघालं. काकूंना गाडी पसंत!

आणि नेमकं निरोपाच्या दिवशी मालकांनी मर्सिडीजची किल्ली काकांच्या हातावर ठेवली. ‘‘तूच सांभाळलीस, आता तूच ठेव. चार दिवस घरी ने, पटली तर तुझीच.’’

काकांना आकाश ठेंगणं झालं. घरी येऊन म्हणाले, ‘‘तुझी ती फोक्सवॅगन जर्मनच ना? ही पण जर्मनच आहे.’’

‘‘हो का? मग तुमचे मालक पण माणूस आणि मी पण माणूस,’’ काकू म्हणाल्या. ‘‘बघू तरी, कशी चालते ते.’’

त्यांच्या पोटात एक गोष्ट होती. त्याच आठवड्यात त्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या. सुईत दोरा ओवता ओवेना, म्हणून. डॉक्टरांनी सांगितलं, एका डोळ्याचं ऑपरेशन लवकर करायला हवं, तोवर मशीनवर बसायचं नाही. काकू हादरल्या होत्या. डोळाच गेला तर पडदे कुणी शिवायचे? पण घरात त्यांनी ब्र काढला नाही. हे नवऱ्याला गाडीत सांगायचं, शेजारी बसून, सावकाश, असं मनाशी ठरवलं होतं.

रविवारी काका गाडी घेऊन दाराशी आले. खाली उतरले, मागचं दार उघडलं आणि मान खाली घालून उभे राहिले.

‘‘अहो, मी आहे मी!’’ काकूंना हसू आवरेना.

काका ओशाळले. काकू पुढं बसल्या. आता खोटं कशाला बोला, गाडी फार देखणी होती. सीटवरची शिवण इतकी सरळ की काकूंनी तिच्यावरून दोनदा बोट फिरवलं. काचा वर केल्या तर बाहेरचा आवाज नाही की आतला नाही. मोठ्या रस्त्याला लागल्यावर काकूंनी घसा साफ केला आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टर, ऑपरेशन, दोरा, भीती, सगळं.

काका समोर बघत होते.

‘‘अहो, मला भीती वाटते,’’ काकू पुन्हा म्हणाल्या.

काकांनी इंडिकेटर दिला, वळण घेतलं. चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

गाडी घरी आली. काकांनी खाली उतरून त्यांच्या बाजूचं दार धरलं, तेव्हा त्यांनी विचारलं, ‘‘मी काय सांगितलं मघाशी?’’

‘‘काही म्हणालीस का?’’

काकू तडक आत गेल्या, रडल्या, तोंड धुतलं आणि बाहेर येऊन म्हणाल्या, ‘‘ही गाडी परत करायची.’’

‘‘अगं, मुद्दाम नाही केलं मी. त्या स्टिअरिंगवर हात पडले की कान आपोआप मिटतात. बोल ना, काय सांगत होतीस?’’

‘‘नाही. गाडीत सांगितलं, गाडीतच ऐकायचं.’’

नणंद धावून आली. ‘‘वहिनी, डोकं फिरलंय का तुझं? अशी गाडी सोडून ती साधी घेणार? लोक हसतील आम्हाला!’’

‘‘हसू देत. मला तोऱ्यात मिरवायचं नाही, मला बोलायचंय.’’

नणंद नाक मुरडून निघून गेली. काका दोन दिवस फुगून बसले. एवढ्या मानानं दिलेली वस्तू परत न्यायची, म्हणजे जिवावर आलं होतं त्यांच्या. पण काकू तसूभर हलल्या नाहीत. शेवटी काकांनी गाडी धुतली, पुसली आणि पडलेल्या चेहऱ्यानं मालकांकडे सोडून आले.

दुसऱ्या दिवशी दोघं फोक्सवॅगनच्या शोरूममध्ये गेले. तीच निळी गाडी. काका स्टिअरिंगवर, काकू शेजारी आणि रस्ता दाखवायला शोरूमचा माणूस मागं. काका पुन्हा तसेच ताठ बसले, नजर समोर. काकूंच्या मनात आलं, गाडीचा दोष नसला तर? हा माणूसच असा होऊन बसला असला तर उरलेलं आयुष्य कुणाशी बोलायचं?

तरी त्यांनी सांगितलं. पहिल्यापासून, जसंच्या तसं. एका डोळ्याचं ऑपरेशन, मशीन बंद, मला भीती वाटते.

सिग्नल आला, गेला. काकूंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. तिसऱ्यांदा सांगायचं नाही, मेले तरी नाही.

‘‘काका, इथून डावीकडे,’’ मागून शोरूमचा माणूस म्हणाला.

गाडी सरळ गेली.

‘‘काका, डावीकडे होतं! शोरूम मागं राहिली!’’

काकांनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि अख्खे बायकोकडे वळले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

‘‘कोणता डोळा?’’

‘‘डावा,’’ काकू म्हणाल्या, आणि त्याच डोळ्यातून पाणी आलं.

‘‘काका, कशी वाटली मग गाडी?’’ मागच्या माणसानं विचारलं. एकदा विचारलं, दोनदा विचारलं. काकांना ते ऐकूच गेलं नाही. ते बायकोला विचारत होते, ‘‘डॉक्टरकडे एकटीच गेली होतीस?’’